सिपनेचा हिवाळा आणि तापीचा महाशीर

दिवाळी संपता संपता मेळघाटातल्या नद्यांचा गढूळपणा जातो. सेमाडोह, कोलकास, हरिसालच्या पट्ट्यात पावसाळाभर दोन्ही थड्या खात वाहणारी सिपना आता गोट्यांवरून पातळ धारेने उतरते आणि वळणावळणावर हिरव्या-काळ्या डोहांत विसावते. पहाटे पाण्यावर धुकं असतं, अंगावर स्वेटर लागतो, आणि ऊन डोहाच्या तळाला पोचेपर्यंत चांगला दिवस वर आलेला असतो. याच दिवसांत जगातल्या थंड मुलखांमध्ये, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ट्राउट मासा गळाला लावण्याचा छंद चालतो. पिसांची खोटी माशी, लवचीक काठी, वजनदार दोरी आणि थंडीने सुस्तावलेला मासा. वऱ्हाडात ट्राउट नाही, कधी नव्हता. पण त्या छंदाला जे जे लागतं, म्हणजे निवळ वाहतं पाणी, गोट्यांचा तळ, खोल डोह आणि माणसाच्या हुशारीला पुरून उरणारा मासा, ते सगळं आपल्या उत्तर सीमेवर आहे. त्या माशाचं नाव महाशीर. अमरावती-अकोल्यातल्या माणसाला मेळघाटातला वाघ ठाऊक असतो, रानगवा ठाऊक असतो. त्याच जंगलातल्या नद्यांचा हा राजा मात्र बहुतेकांच्या गावीही नसतो. हा लेख त्याच्यासाठी आहे.

ट्राउट इथे का नाही, हे समजून घेतलं की महाशीरची थोरवी आपोआप कळते. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. दहा ते सोळा अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो खूश असतो. पाणी विसाच्या वर गेलं की त्याला धाप लागते आणि पंचविसाच्या आसपास तो तगत नाही. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे सहज जातो. तिथल्या नदीत ट्राउट सोडणं म्हणजे त्याला मारणंच.

इंग्रजांनी हा मासा हिंदुस्थानात आणला तो थंड डोंगर शोधून. काश्मीरसाठी १८९९ मध्ये पाठवलेली पहिली अंडी वाटेतच मेली. १९०० च्या अखेरीस आलेली जगली आणि श्रीनगरजवळ हारवानला त्यांची पैदास सुरू झाली. १९०९ मध्ये कुलूच्या खोऱ्यात महिलीला उबवणी केंद्र निघालं. निलगिरीत फ्रान्सिस डे या मत्स्यतज्ज्ञाने १८६० च्या दशकात केलेला प्रयत्न फसला होता. तिथे यश आलं ते पुढे १९०६-०७ च्या सुमारास एच. सी. विल्सन यांच्या हातून. मग चिखलदऱ्याचं काय? कॅप्टन रॉबिन्सनने १८२३ मध्ये ही जागा हेरली, पुढे इथे कॉफीही रुजली. पण चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास, आणि निलगिरीतले ट्राउटचे ओढे दोन हजार मीटरच्या वर. शिवाय चिखलदऱ्याचे ओढे उन्हाळ्यात आटतात. हिवाळ्यातल्या चार थंड रात्रींवर ट्राउट जगत नाही, त्याला बारा महिने थंड पाणी लागतं.

महाशीरची रीत वेगळी आहे. त्याला वैशाखही सोसतो, अट एकच: डोहात पाणी राहिलं पाहिजे.

महाशीर एका जातीचं नाव नाही, ते एक कूळ आहे. हिमालयातला सोनेरी महाशीर निराळा, दख्खनचा निराळा, नर्मदा-तापीचा निराळा. नर्मदा-तापीतल्या माशाला शास्त्रज्ञ टॉर टॉर म्हणतात. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये महाशीरला राज्यमासा केलं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये तो मान पापलेटला दिला. कोकणाच्या जेवणात पापलेटचं स्थान मोठं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण नद्यांच्या मुलखाला स्वतःचा असा मासा हवा असेल तर तो महाशीरच. दख्खनच्या महाशीरची शास्त्रात पहिली नोंद झाली तीही महाराष्ट्रातच. कर्नल साइक्स यांनी १८३० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशाचं वर्णन केलं आणि जातीला ‘खुद्री’ हे नाव दिलं.

मासा हातात घेऊन पाहिला तर सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात ते खवले. मोठाले, एकावर एक कौलांसारखे चढवलेले. डोक्यापासून शेपटीपर्यंतच्या रांगेत मोजून पंचवीसेक. तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. जाड, मांसल ओठ. जबड्यात एकही दात नाही, पण घशात आतवर दातांच्या रांगा आहेत आणि त्यांत शिंपला, खेकडा, गोगलगाय यांचा चुरा होतो. थडीवरच्या उंबराची, जांभळाची फळं पाण्यात पडली की तो तीही गिळतो. शेवाळ खातो, किडे खातो, लहान मासे खातो. इतक्या चवींचा मासा असल्यामुळेच त्याच्यापुढे पिसांची खोटी माशी टाकता येते. याच कुळातला एक मासा १९४६ च्या मार्चमध्ये कावेरीची उपनदी असलेल्या काबिनीत व्हॅन इंगेन यांच्या गळाला लागला होता. त्याचं वजन १२० पौंड भरलं. सिपनेत एवढी धुडं नसतात. पण हातभर लांबीचा महाशीरही गळाला लागल्यावर पहिल्या झेपेत कित्येक वाव दोरी ओढून नेतो, आणि नेतो तो सरळ खडकांच्या फटीकडे, दोरी घासून तुटावी अशा जागी.

हिवाळ्यात त्याची चाल बदलते. पाणी गार झालं की तो धारेतून निघून डोहाच्या खोलीत उतरतो, हालचाल कमी करतो, भूक मंदावते. ऊन चढल्यावर डोहाच्या शेपटाला, म्हणजे पाणी जिथे पुन्हा उथळ होऊन धार धरतं तिथे, तो चरायला येतो. थंड देशांतले मासेमारही हिवाळ्यात असंच करतात. पहाटेची घाई नाही. दुपारच्या उबेत, माशी तळालगत, हळू हळू वाहू द्यायची.

या प्रकारच्या मासेमारीची सगळी गंमत दोरीत आहे. आपल्याकडच्या गळाला शिसं बांधतात आणि त्या वजनाने दोरी लांब जाते. खोट्या माशीला वजनच नसतं. कोंबड्याच्या मानेचं पीस, थोडी लोकर, चकचकीत तार, हे सगळं नखाएवढ्या गळावर रेशमाने आवळून बांधलेलं. ते फेकून फेकून किती जाणार? म्हणून इथे वजन दोरीलाच दिलेलं असतं. काठी मागे नेली की दोरी हवेत पाठीमागे उलगडते; ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं आणि मग काठी पुढे आणायची. थांबणं चुकलं की दोरीचा गुंता पायाशी. सिपनेच्या थडीवर मागे अर्जुन आणि जांभळाची झाडी असते, तिथे दोरी मागे उलगडायला जागा नसते. तेव्हा ती पाण्यावरच गोल लोळवून पुढे टाकावी लागते. दोरीच्या टोकाला वावभर पारदर्शक, बारीक नायलॉन असतं, कारण निवळ पाण्यात महाशीरला जाड दोरी दिसते. त्याला पावलांची थरथरही कळते. अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदनांच्या रेषेने तो पाण्यातला हादरा ओळखतो. गोट्यावर गोटा वाजला की डोह रिकामा झालाच समजा.

हे सारं सायबाचं खूळ, आपला त्याच्याशी काय संबंध, असं म्हणणाऱ्यांनी एका मराठी-कानडी मुलखाच्या राजाकडे पाहावं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सगळं आहे, आणि राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाला स्वतंत्र जागा आहे. त्यात समुद्राचे आणि गोड्या पाण्याचे मासे, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे मासे अशी वर्गवारी आहे. कोणत्या माशाला कोणतं आमिष, काठी-दोरी-गळ कसा असावा, मासा एका जागी यावा म्हणून त्याला आधी खाऊ घालून कसा लळा लावायचा, हे सांगितलेलं आहे. सुंदरलाल होरा या थोर मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा जगाला ते कळलं. गळाच्या मासेमारीवरचं इंग्रजीतलं पहिलं छापील पुस्तक १४९६ चं. सोमेश्वर त्याच्या साडेतीनशे वर्षं आधीचा. शिकारीच्या पुस्तकांनी भरलेल्या आपल्या कपाटांत मत्स्यविनोदाची सटीक मराठी आवृत्ती ठळकपणे असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

वऱ्हाडचा सामान्य माणूस गळ टाकतो तो मात्र पूर्णेवर, काटेपूर्णेवर, वर्धेवर आणि धरणांच्या पाण्यावर. त्याला राजाची करमणूक परवडत नाही. त्याला रात्रीच्या कालवणाशी मतलब. बांबूची काठी, नायलॉनची दोरी, मोरपिसाच्या देठाचा नाहीतर थर्माकोलचा तरंगता तुकडा, गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी. शेजारी पोरं दंगा करायला लागली की ‘दगडं नोका फेकू रे पोट्टेहो’ एवढंच बोलणं, बाकी तासन्‌तास गप्प. पूर्णेत मरळ लागते, वाम लागते, शिंगाळा लागतो. मरळ हवेतून श्वास घेऊ शकते, त्यामुळे गाळाच्या, कोमट, संथ पाण्यातही ती तग धरते. महाशीरला जमत नाही ते तिला जमतं.

पूर्णा हीच वऱ्हाडची खरी मोठी नदी. सातपुड्यात भैसदेहीकडे उगम, मग अमरावती, अकोला, बुलढाणा ओलांडून चांगदेवला तापीशी संगम. पौषातल्या रविवारी ऋणमोचनची जत्रा तिच्या काठावर भरते. तिथेच गाडगेबाबांनी घाट आणि धर्मशाळेच्या कामातून आपल्या सेवेची सुरुवात केली. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून तिचंच पाणी कावडींतून अकोल्याच्या राजराजेश्वराला जातं, तेही १९४४ पासून. एवढी ती लोकांच्या मनात आहे. पण खारपाणपट्ट्यातून वाहणाऱ्या या नदीचा तळ गाळाचा, थड्या मातीच्या. त्यात वाळूचा उपसा. महाशीरला अंडी घालायला गोट्यांचा आणि वाळूचा स्वच्छ तळ लागतो, आणि तो पूर्णेला मिळतो तिच्या डोंगराकडच्या उपनद्यांतून.

गोष्ट अडते ती तिथेच. सातपुड्याच्या दक्षिण उतारावरून पूर्णेकडे येणाऱ्या नद्यांची नावं घ्या: चंद्रभागा, सापन, शहानूर, वान. खुद्द पूर्णाही त्यांत आलीच. डोंगर संपून सपाटी लागते तिथेच या नद्यांवर धरणं उभी आहेत. वारी भैरवगडला वान नदीवरचा हनुमान सागर, नरनाळ्याच्या पायथ्याशी शहानूर, विश्रोळीला पूर्णा. या धरणांनी गावांना पाणी दिलं, संत्र्याच्या बागा जगवल्या. त्यांच्याविरुद्ध बोलणाऱ्याने आधी खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी पिऊन पाहावं. पण माशाच्या बाजूनेही एकदा बघू. महाशीर पावसाळ्यात पुराच्या उलट वर चढतो. मोठ्या नदीतून उपनदीत, उपनदीतून नाल्यात. तिथे निवळ धारेत, गोट्यांच्या फटींत, एकदम नव्हे तर टप्प्याटप्प्याने मादी अंडी घालते. पिल्लं उथळ पाण्यात वाढतात आणि पाणी उतरायला लागलं की खालच्या डोहांत येतात. या चढण्या-उतरण्यात एक भिंत आली की मोठा मासा खाली, अंड्यांची जागा वर. भिंतीला माशासाठी पायऱ्या नाहीत. त्याच्या पलीकडे, संगमाच्या थोडं खाली तापीवर हतनूरचं धरण, त्याच्याही खाली उकाई.

सिपना म्हणून मोलाची. ती सातपुड्याच्या दुसऱ्या अंगाने, तापीकडे उतरते. खंडू, खापरा, गडगा, डोलार याही तापीच्याच. सिपनेच्या बऱ्याच प्रवाहाला व्याघ्र प्रकल्पाचं कवच आहे. १९७३-७४ मध्ये देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प ठरले त्यांत मेळघाट होता. वाघासाठी राखलेल्या जंगलाने नकळत मासाही राखला. झाडी राहिली म्हणून माती थांबली, माती थांबली म्हणून गोट्यांचा तळ गाळाने बुजला नाही, आणि थडीवरची सावली राहिली म्हणून डोहाचं पाणी एप्रिलमध्ये उकळत नाही.

तरी डोह सुरक्षित नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये धार तुटते. नदीची साखळी सुटी होते. उरतात एकमेकांपासून अलग पडलेले डोह आणि त्यांत दाटीने अडकलेले मासे. एका डोहात त्या नदीच्या दहा-पंधरा वर्षांचा मोठा मासा गोळा झालेला असू शकतो. अशा वेळी पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकली, जिलेटिनची कांडी फोडली किंवा विजेची तार सोडली, की तासाभरात सगळं संपतं: मोठे, लहान, खाण्याजोगे, न खाण्याजोगे. इथल्या कोरकू आदिवासींच्या जुन्या पद्धतीत झाडाची साल-फळं कुटून पाण्यात मिसळून मासे गुंगवत; ते एका आडवलेल्या तुकड्यापुरतं असे आणि पुढच्या पाण्याने धुऊन जाई. स्फोटाचं तसं नाही. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारायला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. सव्वाशे वर्षं झाली. बंदी अंमलात यायची तर त्या डोहाशी कुणाचा तरी रोजचा संबंध हवा.

मग महाशीर वाढवायचा कसा? अनेकांच्या तोंडी पहिलं उत्तर येतं: पिल्लं आणून सोडा. महाराष्ट्राने या कामात देशाला वाट दाखवली, हे अभिमानाने सांगायला हवं. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी दख्खनच्या महाशीरची अंडी, त्यांची वाढ, पैदाशीच्या सवयी यांचा बारकाईने अभ्यास केला. १९७० च्या सुमारास तो प्रसिद्ध झाला. लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपन्यांच्या मत्स्यकेंद्रात त्यांच्यासोबत एस. एन. ओगले यांनी कृत्रिम पैदास बसवली. पिकलेल्या मादीच्या पोटावरून हलका हात फिरवून अंडी काढायची, त्यावर नराचं वीर्य घालायचं, मग वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ती उबवायची. ओल्या कापसात गुंडाळून अंडी दूरवर पाठवण्याची युक्तीही इथलीच. लोणावळ्याची पिल्लं अनेक राज्यांत गेली.

त्यांतली काही कावेरीतही सोडली गेली, आणि तिथे जे घडलं ते वऱ्हाडाने नीट वाचावं. कावेरीचा स्वतःचा महाशीर होता: पाठीला कुबड, पंख नारिंगी, जगातल्या सगळ्यात मोठ्या महाशीरांपैकी एक. बाहेरून आलेला निळसर पंखांचा खुद्री तिथे फोफावला आणि मूळचा मासा दुर्मीळ होत गेला. ज्या माशासाठी जगभरचे मासेमार येत, त्याची नेमकी जात कोणती हेसुद्धा २०१८ मध्ये ठरलं, टॉर रेमादेवी म्हणून, आणि त्याच सुमारास तो अतिसंकटग्रस्त जाहीर झाला. लोणावळ्याच्या माणसांनी हे चांगल्या हेतूनेच केलं होतं. त्या काळी एका खोऱ्याचा मासा दुसऱ्यात सोडण्यात कुणाला धोका दिसत नव्हता. आज दिसतो. म्हणून सिपनेत किंवा तापीत कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातली खुद्रीची पिल्लं टँकरने आणून ओतायला माझा ठाम विरोध आहे. पैदास करायचीच झाली तर तापीच्या माशाची, तापीच्याच काठावर.

गळ टाकायला परवानगी द्यावी का, हा वादाचा मुद्दा. कावेरीकाठी भीमेश्वरी, दोड्डमाकळी, गालिबोरे इथे मासा पकडून, वजन करून, पुन्हा पाण्यात सोडणारे कॅम्प चालत. वन्यजीव कायद्याच्या चौकटीत हीसुद्धा शिकारच, असा अर्थ लावला गेला आणि २०१० नंतर तिथले गळ थांबले. कॅम्पवर राखणीला असणारी, पूर्वी स्वतः मासे मारणारी स्थानिक माणसं कामावरून गेली. माझ्या मते मेळघाटाच्या गाभ्यात गळ नकोच. तिथे नियम वाकवला की तो माशापाशी थांबत नाही. पण धारणीकडे, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर तापीचा जो पट्टा आहे, तिथे विचार व्हावा. बिनकाट्याचा एकच गळ, पावसाळ्यात पूर्ण बंदी, मासा ओल्या हातांनी धरून लगेच पाण्यात, आणि सगळा कारभार काठच्या ग्रामसभेकडे. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये पाण्यातले मासे स्पष्ट शब्दांत आले आहेत. अचलपूरजवळच्या पायविहीर गावाने सामूहिक वनहक्कातून उजाड टेकडी हिरवी केली आणि २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवरचा जैवविविधता पुरस्कार मिळवला. टेकडीचं जमतं, तर डोहाचंही जमेल. डोह कुठे किती खोल आहे, कोणता वैशाखातही आटत नाही, मासा कोणत्या नाल्यात चढतो, हे काठावरच्या कोरकू आणि भोई माणसांना जितकं ठाऊक आहे तितकं कोणत्याही अहवालात नाही.

घाई अशासाठी की तापीवर आता मोठं काम येऊ घातलं आहे. मे २०२५ मध्ये भोपाळला महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला. खरिया गुटीघाटाजवळ बंधारा घालायचा, पुराचं पाणी कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मुरवायचं आणि अकोला, अमरावती, बुलढाणा, जळगावच्या खोल गेलेल्या विहिरींना त्याचा आधार द्यायचा, अशी ती कल्पना. खारपाणपट्ट्याच्या कास्तकाराला या पाण्याची गरज आहे, आणि ते त्याला मिळावं. पण तो बंधारा आडवा येणार आहे त्याच तापीला, जिच्यातून महाशीर आषाढात आपल्या डोंगरी नद्यांकडे वळतो. त्याच्या आराखड्यात मत्स्यमार्ग असायला हवा. काठच्या गावांना विचारून माशांची, डोहांची आणि अंडी घालण्याच्या नाल्यांची नोंद बांधकामाआधी, निदान एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण हिवाळा धरून व्हायला हवी. आणि धार तुटण्याच्या दिवसांत खाली किती पाणी सोडायचं तो आकडा करारातच लिहिला जायला हवा.